दोन दुर्बिणी

गेले बरेच शनिवार-रविवार काही लिहिणं झालं नाही. कारण घरचं होतं. आता जरा निवांत झालोय, तर म्हटलं त्याच्यावरच लिहावं. आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. मेकॅनिकलची डिग्री घेऊन कोड लिहिणारा, चारचौघांसारखा आयटीवाला. पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की तिचा इतिहास खणत बसायची जुनी खोड आहे. त्यातून हा लेख.

अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. साताऱ्यात गॅरेज, वय ६१. दिवाळीला गेलो तेव्हा फराळाचं ताट समोर आलं आणि दोन चकल्यांवर अण्णांनी ते बाजूला सारलं. "हल्ली पोट लगेच भरतंय रे. ॲसिडिटी, दुसरं काय." ॲसिडिटीची गोळी माझ्या बॅगेत कायम असते (आमच्या धंद्यात असतेच). एक स्ट्रिप दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, एकदम झकास वाटलं. निघताना मी मेडिकलमधून महिनाभराच्या गोळ्या आणून ठेवल्या.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला तीन शनिवार लागले.

मार्चमध्ये वजन नऊ किलोंनी उतरलेलं, हिमोग्लोबिन खाली. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. जठराचा कॅन्सर.

मग आपल्या घरांमध्ये होतं तेच झालं. सगळ्यांचा पहिला प्रश्न, "दुर्बिणीने होईल ना?" माझा चुलतभाऊ मंदार रात्रभर नेटवर बसून 'चार छोटी भोकं, चार दिवसांत घरी' असं काय काय शोधून बसला होता. काकू म्हणाली, "अरे, दुर्बीण तर परवाच झाली की! परत कशाला?"

काकूचं बरोबर होतं. मराठीत आपण दोन वेगवेगळ्या गोष्टींना दुर्बीणच म्हणतो. एक तोंडातून जठरात जाते, ती एंडोस्कोपी. दुसरी पोटाच्या भिंतीला भोक पाडून बाहेरून आत जाते, ती लॅपरोस्कोपी. मंदारला हवी होती दुसरी. आणि पुण्यातल्या सर्जननी नेमकं तिलाच नाही म्हटलं. "दुर्बीण घालीन, पण नुसती बघायला. स्कॅनमध्ये दिसत नाहीत असे खसखशीएवढे दाणे पोटाच्या अस्तरावर कुठे पसरलेत का ते बघतो. नसले तर केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. आणि ऑपरेशन पोट उघडून. गाठ मोठी आहे, स्वादुपिंडाला चिकटल्यासारखी वाटते."

मंदार भडकला. जुन्या वळणाचा डॉक्टर, दुसरीकडे जाऊ, वगैरे. मला काही ठरवता येईना, म्हणून मी वाचायला लागलो. शोधायला गेलो होतो 'छोटं भोक चांगलं की मोठा छेद' याचं उत्तर. हाती लागलं ते जरा वेगळंच.

गोष्ट सुरू होते व्हिएन्नात. २९ जानेवारी १८८१. थिओडोर बिलरोथ नावाच्या सर्जननी एका ४३ वर्षांच्या बाईच्या जठराचा कॅन्सर झालेला खालचा भाग कापला आणि उरलेलं जठर लहान आतड्याला शिवून टाकलं. वेळ साधारण दीड तास. असा प्रयत्न आधी दोघांनी केला होता. १८७९ मध्ये फ्रान्सच्या पेआंनी आणि १८८० मध्ये पोलंडच्या रिडिगिअरनी. दोघांचेही पेशंट काही दिवस-तासांतच दगावले होते. बिलरोथची पेशंट ऑपरेशनमधून वाचली. ऑपरेशनआधी कित्येक दिवस ती आंबवलेल्या दुधावर जगत होती, ती परत जेवायला लागली.

बिलरोथनी हे असंच धाडस म्हणून केलं नव्हतं. त्याच्या शिष्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. शिवाय व्हिएन्नातल्या साठ हजारांवर शवविच्छेदनांच्या नोंदी हाताने चाळल्या होत्या. (डेटाबेस नाही, क्वेरी नाही, नुसती रजिस्टरं!) प्रश्न एकच होता. जठराच्या तोंडाशी कॅन्सर होऊन गेलेल्यांपैकी कितीजणांत तो दुसरीकडे पसरलेला नव्हता? उत्तर निघालं, बऱ्याच जणांत. म्हणजे वेळेवर कापला तर माणूस वाचू शकतो.

पण ती बाई चारेक महिन्यांत गेली. कॅन्सर आत पसरलेला होता. मृत्यूनंतर तपासलं तेव्हा बिलरोथची शिवण मात्र छान भरून आलेली होती. ते जठर व्हिएन्नाच्या वैद्यकीय संग्रहालयात जपून ठेवलंय.

इथे मी जरा थांबलो. सर्जनचं काम चोख होतं, ऑपरेशन 'यशस्वी' होतं आणि पेशंट गेली. कमी पडली ती वेळ. आत काय चाललंय ते कळायलाच उशीर झाला होता. कारण उघड आहे, १८८१ मध्ये जठराच्या आत बघायची सोयच नव्हती. पोटाला हात लावून गाठ लागली की मग कळायचं.

तर आता पहिल्या दुर्बिणीची गोष्ट, तोंडातून जाणाऱ्या. १८६८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला आडोल्फ कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी एक सरळसोट नळी जठरात घालून दाखवली. कोणाच्या? तलवारी गिळणाऱ्या एका खेळ करणाऱ्याच्या! साधा माणूस हातभर लांबीची ताठ नळी घशातून कसा जाऊ देणार? नळी गेली, पण आत उजेडच पुरेना. मग पुढची कित्येक दशकं सगळी खटपट दोन गोष्टींसाठी, नळी वाकली पाहिजे आणि उजेड पोचला पाहिजे.

खरी उडी मारली जपान्यांनी, आणि ती इंजिनिअरांनी मारली म्हणून मला जास्त आवडली. महायुद्धात बेचिराख झालेल्या टोकियोत तात्सुरो उजी या तरुण सर्जननी ऑलिंपस कंपनीला विचारलं, पोटाच्या आत जाईल असा कॅमेरा करता येईल का? मुत्सुओ सुगिउरा या इंजिनिअरनी सहकाऱ्यांबरोबर १९५० पर्यंत तो करून दाखवला. नळीच्या टोकाला इवलासा कॅमेरा, इवलासा बल्ब आणि चिंचोळी फिल्म. पण त्यातून बघता यायचं नाही, नुसते फोटो निघायचे, तेही अंदाजाने. खोलीत अंधार करायचा, बल्ब चमकला की पोटाच्या कातडीतून उजेड कुठे दिसतो ते बघायचं, म्हणजे कॅमेरा कुठे आहे ते कळायचं. मग फिल्म धुवायची. आपण हल्ली लॉग फाइल बघून रात्री काय झालं असेल ते ताडतो ना, तसंच.

थेट बघायची सोय झाली काचेच्या तंतूंमुळे, आणि त्यात आपला एक माणूस आहे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी. लंडनच्या इंपिरिअल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्सबरोबर त्यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा पेपर आला. तो वाचून अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे डॉक्टर बेझिल हिर्शोविट्झ लंडनला जाऊन त्यांना भेटले. परत येऊन सहकाऱ्यांबरोबर वाकणारी दुर्बीण बनवली आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये ती पहिल्यांदा घातली स्वतःच्याच घशात. टेस्टिंग स्वतःवर करून मग रिलीज. आमच्याकडे हा नियम लागू केला तर काय होईल! :-)

आता आत दिसायला लागलं. पण दिसलेल्याचं करायचं काय? १९६२ मध्ये जपानच्या एंडोस्कोपीवाल्यांच्या संस्थेने 'सुरुवातीचा कॅन्सर' कशाला म्हणायचं याची व्याख्या पक्की केली. जठराच्या भिंतीच्या वरच्या दोन थरांतच असलेला, खालच्या स्नायूत न शिरलेला. तिकडे १९६० च्या सुमाराला मियागी प्रांतात एक्स-रेच्या गाड्या गावोगाव फिरायला लागल्या होत्या. बेरियम प्यायचं आणि पोटाचा फोटो काढायचा. १९८३ पासून ही तपासणी देशभर कायद्याने सुरू झाली. ज्यांना काही त्रासच होत नाही अशा माणसांचे कॅन्सर सापडायला लागले. पुढे पुढे तर जपानमध्ये सापडणाऱ्या जठराच्या कॅन्सरपैकी निम्म्याहून जास्त सुरुवातीचेच असायला लागले.

मग प्रश्न आला, नखाएवढ्या डागासाठी छातीपासून बेंबीपर्यंत पोट फाडायचं का? आता कुठे दुसरी दुर्बीण या गोष्टीत येते.

तिचा इतिहासही जुना आहे. १९०१ मध्ये ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंगनी कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरून आत दुर्बीण घातली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेउसनी माणसांत ते केलं. पण बरीच वर्षं ती नुसती बघायचीच दुर्बीण राहिली. तिने काम करणारे पहिले बिनीचे लोक होते स्त्रीरोगतज्ज्ञ. कील शहरातल्या कुर्ट झेमनी पोटात मोजून-मापून कार्बन डायऑक्साइड भरणारं आपोआप चालणारं यंत्र तयार केलं. (हाच वायू का? तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो.) १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं. कौतुक राहिलं बाजूला, जर्मनीच्या सर्जनांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी या माणसाला निलंबित करा म्हणून पत्र लिहिलं! १९८५ मध्ये एरिख म्यूह यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी परिषदेत सांगितलं तर कोणी मनावर घेतलं नाही. त्याच संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा सन्मान केला.

आपल्याकडे ही दुर्बीण रुजवली मुंबईच्या डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी. १९७२ पासून जे.जे.मध्ये ते निदानासाठी ती वापरत होते, म्हणजे उगाच पोट उघडायला लागू नये म्हणून. ३१ मे १९९० ला तिथेच त्यांनी भारतातलं दुर्बिणीने पित्ताशय काढायचं पहिलं ऑपरेशन केलं. म्हणजे आमच्या सर्जनची 'नुसती बघायची' दुर्बीण काही जुन्या वळणाची नव्हती. ते याच दुर्बिणीचं पहिलं काम आहे आणि आजही महत्त्वाचं आहे.

पित्ताशय काढणं वेगळं आणि कॅन्सर काढणं वेगळं. पित्ताशय ही एक पिशवी. कॅन्सरमध्ये जठराच्या रक्तवाहिन्यांभोवतीचे लिम्फ नोडही काढावे लागतात आणि उरलेलं जठर परत जोडावं लागतं. हे धाडस १९९१ मध्ये जपानच्या सेइगो कितानोंनी सुरुवातीच्या कॅन्सरसाठी केलं. १९९४ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या पेपरात जोडणीचं नाव होतं 'बिलरोथ वन'. ११० वर्षांपूर्वीचीच ती जोडणी, फक्त काम लहान छेदांतून. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे हेड न उतरवता व्हॉल्व्ह बदलायचे. जमतं, पण प्रत्येक गाडीत नाही."

जुलै २००६ मध्ये जपानचे बेसबॉलचे देव सादाहारू ओ (८६८ होमरन, तिकडचे तेंडुलकरच समजा) यांचं अख्खं जठर दुर्बिणीने काढलं. पुढच्या सीझनला ते टीमचे मॅनेजर म्हणून परत मैदानावर. अशा बातम्यांनी 'छोटं भोक म्हणजे चांगलं' हे लोकांच्या मनात पक्कं बसतं. मंदारच्याही बसलं होतं.

डॉक्टरमंडळी मात्र एवढ्यावर थांबली नाहीत, हे मला फार आवडलं. कोरियात २००६ ते २०१० मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातले १४१६ पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, कोणाचं पोट उघडायचं आणि कोणाला दुर्बीण. मग पाच वर्षं वाट बघितली. २०१९ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी जिवंत असलेले: दुर्बिणीत ९४.२ टक्के, उघड्या ऑपरेशनमध्ये ९३.३. म्हणजे बरोबरी. जखमेचा त्रास दुर्बिणीत कमी. चीनमध्ये वाढलेल्या कॅन्सरच्या १०५६ पेशंटांवर असाच अभ्यास झाला. तीन वर्षांत आजार न उलटलेले: ७६.५ आणि ७७.८ टक्के. पुन्हा जवळजवळ बरोबरी. पण बारीक अक्षरातलंही वाचायला हवं. या अभ्यासांतले सर्जन निवडक, भरपूर अनुभवी होते. कोरियातल्या पुढच्या अभ्यासात तर सर्जनांच्या ऑपरेशनचे काटछाट न केलेले व्हिडिओ तपासून मगच त्यांना आत घेतलं होतं.

आणि बरोबरी दर वेळी होतेच असं नाही. २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा असाच अभ्यास छापून आला. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका: उघड्या ऑपरेशनमध्ये ९६.५ टक्के, छोट्या भोकांच्या ऑपरेशनमध्ये ८६. म्हणजे तिथे छोटं भोक महागात पडलं. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आपण हॉस्पिटल निवडत होतो भोकांच्या आकारावरून!

गोष्ट इथे संपत नाही. पहिली दुर्बीणही थांबलेली नव्हती. ऑपरेशन करून काढलेल्या ५२६५ सुरुवातीच्या कॅन्सरच्या नोंदी टोकियोतल्या दोन मोठ्या केंद्रांनी तपासल्या. बिलरोथच्या शिष्यांसारखाच प्रश्न, यातले कुठले अजिबात पसरत नाहीत? उत्तर २००० मध्ये छापलं. सगळ्यात वरच्या थरातले, ठरावीक जातीचे, तीन सेंटिमीटरच्या आतले असे १२३० होते आणि त्यातल्या एकाचाही लिम्फ नोडपर्यंत शिरकाव नव्हता. म्हणजे अशांना पोटावर भोकसुद्धा नको! तोंडातूनच जायचं, डागाखाली पाणी टोचून तो फुगवायचा आणि विजेच्या बारीक सुरीने साल काढावी तसा अलगद सोलून काढायचा. यासाठी जपानच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात १९९० च्या दशकात एक सुरी तयार झाली. टोकाला चिनीमातीचा बारीक मणी, म्हणजे जठराला आरपार भोक पडू नये. तिचं नाव आयटी नाइफ. मी खुर्चीतच हसलो. (आयटी म्हणजे इन्सुलेटेड टिप. आपला काही संबंध नाही.) २००६ पासून जपानच्या सरकारी विम्यात ही पद्धत बसते.

आता सगळं एका ओळीत मांडून बघा. वरच्या थरातला डाग, भोकच नाही. जरा खोल, चार-पाच लहान छेद. अजून वाढलेला, तर सर्जनच्या अनुभवावर आणि गाठीवर अवलंबून. शेजारच्या अवयवाला चिकटलेला, मोठा छेद आणि केमो. छेद किती मोठा हे सर्जन किती आधुनिक आहे यावर फारसं ठरतच नाही. कॅन्सर कधी सापडला, यावर ठरतं. दुसरी दुर्बीण ज्यांना मिळते त्यांना बहुधा पहिल्या दुर्बिणीने वेळेवर गाठलेलं असतं. आपल्याकडे सरसकट तपासणी नाही, जपानएवढा हा कॅन्सर सगळीकडे नाहीही, म्हणून आपले बहुतेक पेशंट उशिरा पोचतात. अण्णांसारखे.

आमच्याकडे उशीर कसा झाला ते मला माहितीये. त्या गोळ्या ॲसिड कमी करतात, त्यामुळे जठराच्या कॅन्सरचीही लक्षणं काही काळ दबू शकतात. गोळीने बरं वाटलं म्हणून आणखी चार महिने गेले. डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "चार महिन्यांनी नक्की किती फरक पडला ते सांगता येणार नाही. पण इथून पुढे कोणाला अशा गोळ्या देत जाऊ नका." एवढंच.

मंदारला मी हे सगळं एका रविवारी चहावर सांगितलं. गप्प बसला. मग म्हणाला, "ठीक आहे, याच डॉक्टरांकडे करू." बघायच्या दुर्बिणीत दाणे दिसले नाहीत. केमोनंतर ऑपरेशन झालं. अण्णांच्या पोटावर मोठा व्रण आहे. दिवसातून सहा वेळा थोडंथोडं जेवतात, गॅरेजात खुर्ची टाकून पोरांवर ओरडतात. काही लिम्फ नोडमध्ये आजार निघाला, उरलेली केमो चालू आहे. पुढचं पुढे.

मग लक्षात आलं, बाबाही जेवणानंतर गुपचूप गोळी घेतात. वय ५७, आणि आता सख्ख्या भावाला हा आजार. "मला काय धाड भरलीय?" म्हणत होते, तरी धरून नेलं. पहिल्या दुर्बिणीला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कॅन्सर नाही. जठराला सूज आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू निघाला. ज्याच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं, आणि जो जठराच्या कॅन्सरचं एक मोठं कारण आहे, तोच. दोन आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स दिलाय.

असो. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात चाळिशी-पन्नाशीपुढचं माणूस दोन घासांत पोट भरलं म्हणत असेल, वजन उतरत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल किंवा 'ॲसिडिटी' महिनोन्‌महिने जात नसेल, तर स्ट्रिप देऊ नका. त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा आणि पहिल्या दुर्बिणीबद्दल विचारा.